खानदानाचा चार्ट

धनश्री फुंदेला देवानं तोंड दिलं ते खायला आणि बोलायला. केडगावच्या मेसमध्ये पहिलं काम जवळजवळ बंदच पडलं, त्यामुळे सगळा जोर दुसऱ्यावर आला. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं भर वर्गात, पॅथॉलॉजीच्या तासाला, हात वर करून विचारलं, "मॅडम, ही पुस्तकं लिहिणारे लोक उपाशीपोटी लिहायला बसायचे का?"

ठुबे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे?"

"म्हणजे बघा ना. यकृतात रक्त तुंबलं की ते जायफळासारखं दिसतं. टीबीनं सडलेला भाग चीजसारखा. अंडाशयातली गाठ चॉकलेटची. कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. आणि प्लीहेला तर थेट साबुदाणाच म्हणलंय. आता मी चतुर्थीला खायचं काय?"

वर्ग खिदळला. मॅडमनी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. पण त्या दिवसापासून चाळीस पोरींना ते पाचही आजार कायमचे पाठ झाले, हे मॅडमनी पुढे कधीतरी स्टाफरूममध्ये कबूल केलं म्हणतात.

पॅथॉलॉजी धनश्रीला जमायचं, कारण त्यातलं अर्धं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सूज म्हणजे लाली, ऊब, फुगवटा, ठणका आणि तो अवयव कामातून जाणं. ही पाचही लक्षणं तिनं आईच्या अंगठ्यावर पाहिली होती, ऊस तोडताना कोयता लागून ती मधूनच घरी परतली तेव्हा. तिचे आईबाप, रतनबाई आणि आसाराम, तिसगावपासून चार किलोमीटरवर डोंगराच्या अंगाला वस्तीवर राहायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यात परत. तेवढे सहा महिने धनश्री तिसगावात चांगुणा आत्याकडे. पहिली ते सातवी अशीच गेली. मग आसारामनं टेम्पो घेतला, कोयता माळ्यावर टाकला आणि ऊसतोड सुटली. तोवर धनश्रीला आत्याच्या हातच्या भाकरीची इतकी सवय झाली होती, की आईची भाकरी तिला जाड लागायची आणि हे ती आईला तोंडावर सांगायची.

चांगुणा आत्याची तिसगावात पिठाची गिरणी होती. गिरणी नावाला तिच्या मालकांची. पट्टा चढवायचा, दळायचं, गिऱ्हाइकाशी भांडायचं, सगळं आत्या करायची. मालक तीस वर्षं गिरणीच्या आवाजात राहून बोलणंच विसरले होते. पीठ पांढरं, आत्या काळी-सावळी, दिवसाच्या शेवटी दोन्हींचा रंग एक व्हायचा. तिला एकच मुलगा, कल्याण. गिरणीशेजारीच त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. सरळ पोरगा. दिसायला बरा, बोलायला कमी, आणि धनश्रीनं लहानपणी त्याला इतक्या वेळा बुकललं होतं, की त्याच्याकडे नवरा म्हणून बघणं तिला जमत नव्हतं.

आत्याच्या डोक्यात मात्र ते लग्न धनश्रीच्या नाकातून शेंबूड येत होता तेव्हापासून पक्कं होतं. भावाची मुलगी, हातावर वाढवलेली, दुसरीकडे कशाला जाईल?

*

अडचण झाली ती जेनेटिक्सची. पॅथॉलॉजीला जोडून तोही विषय होता, आणि तो धनश्रीच्या डोक्यावरून थेट नगर-पुणे रोडला लागायचा. मेंडेल नावाच्या परदेशी साधूनं वाटाण्यावर प्रयोग केले, इथंच तिचं गाडं अडायचं.

"साधू होता ना?" ती खोलीतल्या निकिताला म्हणायची. "मग भजन करायचं सोडून वाटाण्याची लग्नं कशाला लावत बसला?"

निकिता औटी पारनेरची. तिच्या घरी दरसाल वाटाणा असायचा. "आमच्या आज्यानं सगळी हयात वाटाण्यात घातली," ती म्हणाली. "त्याला एवढंच कळलं, की आपण माल काढला की भाव पडतो. तू गपचूप पाठ कर. उंच आणि बुटका लावला की सगळे उंच येतात. बुटकेपणा कुठं जात नाही, आत दबून बसतो. पुढच्या पिढीत चारात एक बुटका निघतोच."

"दबून बसतो म्हणजे आमच्या आत्याच्या मालकांसारखा."

परीक्षेत धनश्रीनं हिमोफिलिया बापाकडून मुलाला दिला, जे निसर्गालाही जमत नाही. सात मार्कांनी विषय राहिला. गावात बातमी पोचायला अर्धा दिवस लागला, आणि आत्याचा फोन यायला त्याहून कमी.

"नापास झालीस ना? बरं झालं," आत्या म्हणाली. मागे गिरणी चालू होती, म्हणून ती ओरडून बोलत होती आणि अख्खं तिसगाव ऐकत असणार. "माझ्या घरात कोन डिगरी बघनार हाय? भाऊबीजीला ये. तारीख काढू. तुळशीचं लगीन लागलं की तुमचा साखरपुडा."

"आत्या, मला पुन्हा परीक्षा हाय."

"दे की परीक्षा. साखरपुड्याला काय परीक्षेचं वावडं हाय?"

जी पोरगी मॅडमना, मेसच्या मालकाला, एसटीच्या कंडक्टरला उलटून बोलायची, तिला आत्यापुढे शब्द फुटला नाही. सहा महिने गुणिले सात वर्षं, आत्यानं तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या. अशा बाईला "तुझा पोरगा मला नको" कसं सांगायचं?

त्याच आठवड्यात ठुबे मॅडमनी विषय राहिलेल्या पोरींना गृहपाठ दिला. प्रत्येकीनं आपल्या घराण्याचा निदान तीन पिढ्यांचा पेडिग्री चार्ट काढायचा. पेडिग्री हा शब्द धनश्रीनं त्याआधी फक्त कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीवर वाचला होता. मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं: पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तर आत काळं भरायचं, मेलेल्यावर तिरपी रेघ. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ.

"आणि नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील," मॅडम म्हणाल्या, "तर दोन रेघा. कारण दोघांत एकच दबलेला दोष असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, हे सगळं यात आलं."

धनश्री ताठ बसली. त्या वर्षात पहिल्यांदाच तिनं जेनेटिक्सच्या तासाला वहीत काहीतरी लिहून घेतलं.

*

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली आणि ड्रॉइंग पेपरची गुंडाळी काखेत मारून नातेवाइकांच्या मागे लागली. कोण कशानं गेलं, एवढंच विचारायची. पण आमच्याकडे माणूस साध्या आजारानं मरत नाही. एक पणजोबा "वाऱ्यानं" गेले. एक चुलत आजी "पोटात गोळा उठून" गेली. एकजण "बाहेरचं होऊन". एक आजोबा तर, सांगणाऱ्याच्या मते, "सुनेच्या बोलन्यानं" गेले, आणि ती सून समोर चहा गाळत होती. धनश्रीनं त्या चौकोनावर रेघ मारली आणि कारणाच्या जागी "माहीत नाही" लिहिलं.

खरा माल मिळाला दगडाबाईकडे. दगडाबाई ही आसारामची चुलती, धनश्रीच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, आवाज दोनशे माणसांचा. तिचं लग्न तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेलं. आणि तिची दोन्ही पोरं, कानिफनाथ आणि गोरक्ष, जन्मापासून बहिरी. आता दोघेही पन्नाशीचे, शेळ्या राखायचे, हातवाऱ्यांनी अख्ख्या वस्तीच्या चहाड्या करायचे.

"त्यांच्या कानाचं दुख न्हाई मला," दगडाबाई उन्हात बसून मिसरी घाशीत म्हणाली. "मी जल्मभर शिव्या दिल्या, एकानंबी ऐकली न्हाई, ह्याचं दुख हाय."

धनश्रीनं दोन चौकोन काळे भरले आणि वर दोन रेघा ओढल्या. तिला भलताच आनंद झाला. पुस्तकात असायला हवं तस्सं होतं सगळं. दोष घराण्यात आहे, दबलेला आहे, तिच्या आजोबातही असू शकतो. तिथून आसाराममध्ये आणि चांगुणा आत्यात. तिथून तिच्यात आणि कल्याणमध्ये. आता नाही म्हणायची गरजच नव्हती. तिच्या वतीनं विज्ञान नाही म्हणणार होतं.

*

भाऊबीजेला आत्यानं पुरणपोळी केली होती. आसारामला ओवाळून झालं, रतनबाईनं आणलेलं लुगडं आत्यानं अंगाला लावून बघितलं, मग कॅलेंडर काढायला ती उठली. तेवढ्यात धनश्रीनं सतरंजीवर चार्ट पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले.

"हे बघ आत्या. चौकोन म्हंजी गडी, गोल म्हंजी बाई. रेघ मारलेला मेला."

कल्याण वाकून बघत होता. "आपल्या खानदानात जित्तं कोन हाय का न्हाई?"

"तू गप रे. लग्नाची एक रेघ असती. नात्यात केलं तर दोन रेघा."

"दोन रेघा म्हंजी पक्कं लगीन," आत्या खूश झाली.

"दोन रेघांच्या खाली बघ की. दगडाआजीची दोन्ही पोरं काळी हायत."

"काळी कुठं? कानिफनाथ चांगला गोरा हाय."

धनश्रीनं कपाळावर हात मारला आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं. निकितानं वाटाण्यात सांगितलेलं तिनं माणसांत सांगितलं: दोष आत दबून राहतो, एकट्यात असला तर माणूस ठणठणीत, दोघंही तसलेच एकत्र आले की चारातलं एक लेकरू बहिरं निघू शकतं. ती बोलत गेली तसा तिला सूर सापडला. मॅडमनी ऐकलं असतं तर तिथंच पास केलं असतं. आसाराम मात्र मध्येच उठला. "टेम्पोची हवा बघून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. टेम्पोला काही झालेलं नव्हतं.

आत्याचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं चार्टावरच्या आपल्या गोलावर बोट ठेवलं.

"म्हंजी हे माज्या रगतात हाय?"

"असू शकतं."

"कल्यानच्यात?"

"असू शकतं, आत्या."

आत्यानं गोलावरचं बोट उचललं. मग उठली, कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं. "मग न्हाई करायचं," एवढंच म्हणाली.

परत येताना टेम्पोत धनश्री जिंकल्यासारखी बसली होती. रतनबाई म्हणाली, "लई शानी झालीस," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

*

तिसऱ्या दिवशी कल्याणचा फोन आला. तो कधी आपणहून फोन करायचा नाही, म्हणून तिनं लगेच उचलला.

"आई गिरनी लावीना," तो म्हणाला. "लोकं डबं ठिवून परत चाललेत. पेटीतनं ज्ञानेश्वरचं टोपडं काढलंय, ते घिऊन बसलीय."

ज्ञानेश्वर हा आत्याचा पहिला मुलगा, कल्याणच्या आधीचा. चौदा महिन्यांचा होऊन गेला होता. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही, आणि धनश्रीनं त्याला चार्टात घेतलंच नव्हतं, विसरली होती.

"आता म्हनती," कल्याण सांगत होता, "त्याला हाक मारली तरी बगत न्हवता. म्हनती, माज्यातलंच त्याला गेलं. त्यानंच त्यो गेला. मी म्हनलं, बहिरं लेकरू मरत नसतं. तर म्हनती, तुला काय कळतंय, धनश्रीनं कागदावर लिहून आनलंय."

धनश्रीनं फोन ठेवला. तिला दगडाबाईशिवाय दुसरं कुणी आठवेना. ती तशीच वस्तीवरून चालत तिच्याकडे गेली.

"आज्ये, ज्ञानेश्वरला ऐकू येत हुतं का?"

"कुनाला? चांगुनीच्या?" दगडाबाईनं मिसरीचं बोट बाहेर काढलं. "चांगलं येत हुतं की. गिरनीचा पट्टा सुटला की दचकून रडायचं. त्याचा काय दोष न्हवता. जुलाब लागलं. तवा सगळ्या बाया म्हनायच्या, पानी दिऊ नका, पानी दिलं की जुलाब वाढत्यात. दोन दिस पानी न्हाई पाजलं लेकराला. डोळं आत गेलं, टाळू खोल गेली, मग गेलं."

धनश्रीच्या डोळ्यांपुढे पुस्तकाचं आख्खं पान उभं राहिलं. शरीरातलं पाणी कमी होणं, पायरी पहिली, पायरी दुसरी, पायरी तिसरी. त्वचा चिमटीत धरली तर तशीच राहते. या पानावर तिला पैकीच्या पैकी मार्क होते. पण आत्याला जाऊन काय सांगायचं? तुझ्या रक्तानं नाही गेला, तुम्ही पाणी तोडलंत म्हणून गेला? ती तिथंच ओट्यावर बसली.

दगडाबाई मात्र तिच्या तंद्रीत होती. "आन चांगुनीच्यात आमच्या घरचं रगत यील कुठनं? ती काय माज्या जावंच्या पोटची हाय व्हय?"

बोलून झालं आणि म्हातारीनं जीभ चावली. दोन दातांनी जेवढी चावता येते तेवढी.

मग बराच वेळ ती "काय न्हाई, काय न्हाई" करत राहिली. शेवटी धनश्रीनं तिची मिसरीची डबी काढून घेतली, तेव्हा बोलली. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. टोळी कारखान्यावर होती. धनश्रीच्या आजीला पाचटाच्या कोपीतच, तिथल्या झोपडीतच, मूल झालं, ते मेलेलं. पलीकडे तिसऱ्या कोपीत बीडकडची एक बाई बाळंत झाली, तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिचा नवरा डोक्याला हात लावून बसलेला, आधीची तीन लेकरं मातीत खेळतायत, हे चौथं रडतंय.

"तुज्या आजीला पान्हा फुटलेला, लेकरू न्हाई. ह्या लेकराला माय न्हाई. कुनी कुनाला काय इचारलं न्हाई बग. तिनं उचलली आन लावली छातीला. हंगाम सरला, त्यो मानूस आपल्या टोळीबरूबर गेला. गावबी आठवत न्हाई आता. आमी घरी आलो तर ही पोर घिऊन. गावाला वाटलं, हिचीच."

"आत्याला म्हाईत हाय?"

"तिला कोन सांगंल? आता मी आन तुजा बाप. बाकी सगळी गेली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम कांदा घेऊन बाजारात निघाला. धनश्री शेजारी चढून बसली. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "आबा, दगडाआजीनं सांगितलं मला."

आसारामनं टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत शिवी घालून गेलं, त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"मी सात वर्सांचा हुतो," तो म्हणाला. "तिला पाठीवर बांधून उसाचं वाढं गोळा करायचो, बैलांना. मुतायची माज्या पाठीवर." मग स्टिअरिंगवरची धूळ पुसत, "मायनं मरताना सांगितलंय, कुनी बोलायचं न्हाई."

"आबा, मॅडमनी सांगितलंय, दत्तक असला तर गोलाला कंस करायचा आन रेघ तुटक काढायची."

"तुटक?" आसारामनं तिच्याकडे असं बघितलं, की मॅडम समोर असत्या तर त्यांनी नियम बदलला असता. "तुटक कशापायी? माज्या बहिनीची रेघ सरळ काढ. मार्क गेलं तर जाऊ दी."

"काढलेलीच हाय सरळ."

"मग ऱ्हाऊ दी तशीच."

त्यानं टेम्पो चालू केला. बाजार येईपर्यंत धनश्री एक शब्द बोलली नाही. इतका वेळ ती गप्प राहिल्याची नोंद तिच्या आयुष्यात दुसरी नाही.

पण डोकं चालूच होतं. आत्यात घराण्याचं रक्त नाही, म्हणजे कल्याण आणि ती रक्तानं कुणीच नाहीत. ज्या विज्ञानाला तिनं वकील म्हणून आणलं होतं, ते आता समोरच्या पक्षात जाऊन बसलं. अर्थात गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? लग्न मोडलंच होतं. पण मग आत्या ते टोपडं घेऊन बसूनच राहणार. आणि आत्याला "तुझ्या रक्तात काही नाही" म्हणायचं, तर कसं ते विचारणारच. शेवटी एकच वाट उरली, स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायची, आणि ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तीच टाळायला तर एवढा मोठा कागद विकत घेतला होता.

*

गिरणी बंद होती. दारात डब्यांची रांग, आत आत्या पोत्यावर बसलेली. धनश्री समोर उकिडवी बसली.

"आत्या, चार्ट चुकला."

"काय?"

"माजा हिशोब चुकला. मी त्या विषयात नापास हाय, म्हाईत हाय ना तुला? दगडाआजीच्या पोरांचं तिच्या घरचं हाय. तुज्यात काय न्हाई. कल्यानमध्ये न्हाई. ज्ञानेश्वरात तर न्हवतंच."

"तुला काय म्हाईत? तू जल्मली न्हवतीस."

"दगडाआजीला इचारलं. गिरनीचा पट्टा सुटला की दचकून रडायचा म्हनली. बहिरं लेकरू दचकतं व्हय?"

आत्यानं हातातलं टोपडं उलगडलं. मग हळूच म्हणाली, "रडायचा. खरंच रडायचा. मी पदर घालायची त्याच्या कानावर."

"त्याला जुलाब झालं. त्यानं गेला. तवा दवाखाना जवळ न्हवता. तू काय केलं न्हाईस, आत्या." पाण्याचं ती बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. पीठ असल्यामुळे नाक पांढरं झालं. मग ती एकदम ताठ बसली, डोळ्यांत चमक आली. "म्हंजी लगीन करायला हरकत न्हाई!"

"हरकत हाय."

"कसली?"

"मला न्हाई करायचं."

"का?"

"कल्यान चांगला हाय. तू चांगली हायस. रगत चांगलं हाय. सगळं चांगलं हाय. मला न्हाई करायचं, बस."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. "मग हे आदी तोंडानं बोलता येत न्हवतं? त्याच्यापायी आख्खं खानदान कागदावर मारून आनलंस?" आणि उत्तराची वाट न बघता ती उठली, बटण दाबलं. पट्टा फिरला, गिरणी कडाडली, आणि त्या आवाजात धनश्रीला काय काय ऐकवलं ते फक्त देवाला आणि आत्याच्या मालकांना माहीत. डबेवाल्या बायकांना बरं वाटलं. चार दिवसांनी दळण सुरू झालं होतं.

कल्याण दुकानात एक फोन उघडून बसला होता. "कारन काय?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"कारन न्हाई रे."

त्यानं बारीक स्क्रू डबीत टाकला. "मग ठीक हाय. कारन असतं तर भांडलो असतो."

तिला त्या क्षणी त्याचं फार कौतुक वाटलं, आणि लग्न न करण्याचा विचार त्यामुळे आणखीनच पक्का झाला. कौतुक वाटणाऱ्या माणसाला रोज भाजी काय करू विचारायचं म्हणजे शिक्षाच.

*

चार्ट तिनं तसाच दिला, सगळ्या रेघा सरळ. मॅडमनी दहापैकी आठ दिले. परीक्षेत जेनेटिक्सचा सगळ्यात मोठा प्रश्न आला तो असा: रुग्णाच्या घरच्यांना आनुवंशिक आजाराबद्दल सांगताना नर्सची भूमिका. धनश्रीनं इतकं लिहिलं, की पुरवणी दोनदा मागितली. त्यातलं एक वाक्य तिनं बाहेर आल्यावर निकिताला वाचून दाखवल्यासारखं म्हणून दाखवलं: "नर्सने आधी स्वतःला त्या माहितीतून काय हवे आहे ते तपासावे."

"हे पुस्तकात कुठं होतं?" निकिता घाबरली. "मी सोडलं की काय?"

"पुस्तकात न्हाई. तिसगावात हाय."

पास झाली. काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. पेढे घेऊन तिसगावला गेली, तेव्हा आत्यानं पेढा घेतला, खाल्ला, दुसरा उचलला, आणि तरी बोलली नाही. असा अबोला साडेचार महिने चालला. मग एके दिवशी आत्या स्वतःच केडगावला खोलीवर येऊन थडकली, काखेत दहा किलो बाजरीचं पीठ. "मेसचं खाऊन हाडकं निघालीत तुजी," म्हणाली आणि निकितासकट दोघींना भाकरी थापून घातल्या. लग्नाचा विषय निघाला नाही. गुडघ्याचा निघाला. शेजारणीच्या गुडघ्याचा, मग आपल्या गुडघ्याचा, मग गिरणीवर येणाऱ्या अकरा बायकांच्या. तेव्हापासून तिसगावातून दर आठवड्याला फोनवर एक तरी गुडघा येतोच.

आता धनश्री नगरमध्ये एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. सरकारी भरतीचा अर्ज भरलाय, निकाल लागायचाय. गेल्या वैशाखात कल्याणचं लग्न झालं, शेवगावकडची मुलगी, नात्यातली नाही. आत्यानं धनश्रीला करवली केलं. "तूच उभी ऱ्हायची," म्हणाली, "दुसरी कुनी न्हाई मला." मानाचं लुगडं नेसून, डोक्यावर कऱ्हा घेऊन धनश्री वरातीत नाचली, आणि मांडवात नवरीकडच्यांशी मानपानावरून अशी भांडली, की आत्याला तिच्यावरून कडकडा बोटं मोडावीशी वाटली. जेवणावळीत तीन वेळा जिलेबी घेतली. मग दोनच्या ड्युटीसाठी टेम्पोत बसून नगर गाठलं.

वॉर्डात शिरली ती केसात गजरा, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला मळवट. अंगावर तेवढा पांढरा कोट चढवला होता. पहिल्याच खाटेवरचे केडगावचे एक बाबा चष्मा पुसून बघायला लागले.

"सिस्टर, लगीन झालं का काय तुमचं?"

"माजं न्हाई बाबा, लावून आले एकाचं," धनश्री सुई भरत म्हणाली. "पालथे व्हा."